विराणींच्या बंगल्याचं मागचं दार

३ जुलै २००० ची रात्र. सोमवार होता. नऊ वाजता स्टार प्लसवर अमिताभ बच्चन ‘कौन बनेगा करोडपती’ घेऊन बसला, आणि साडेदहाला ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ह्या मालिकेचा पहिला भाग लागला. दोन्ही एकाच रात्री सुरू. आधी करोडपती कसं व्हायचं ते शिकवलं, मग करोडपतीचं घर आतून कसं असतं ते दाखवलं. धंद्याच्या अकलेला दाद दिलीच पाहिजे.

आमच्या गल्लीत तेव्हा केबल घेतलेली खोली एकच. तिथं दारापर्यंत बाया बसलेल्या. माझी आई त्यांतच होती. चार घरची धुणीभांडी आटपून, आमचं जेवणखाण उरकून, स्वतःचेच पाय दाबत बसलेली. मी कॉलेजात होतो. बाबासाहेबांचे खंड काखेत मारून हिंडायचो आणि ह्या बायांकडं बघून नाक मुरडायचो. म्हणालो, ‘काय बघतेस हे शेटजीचं घर? रोज तर बघतेस.’ आई म्हणाली, ‘रोज बघते रे, पण तिथं बसून बघता येत नाही.’

मी ते हसण्यावारी नेलं. क्रांतीच्या घाईत होतो ना.

आता २९ जुलै २०२५ ला तीच मालिका पुन्हा सुरू झाली. तीच तुलसी, तोच मिहिर, तोच ‘शांतिनिकेतन’ नावाचा बंगला. मी हा लेख लिहितोय म्हटल्यावर एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, ‘दादा, अत्याचाराच्या बातम्यांना पानं पुरत नाहीत आणि तुम्ही सासूसुनांवर लिहिताय?’ होय बाबा, लिहितोय. कारण तुझ्या-माझ्या भाषणाला वस्तीतल्या पन्नास बाया येतात, त्याही विहारात चहा असला तर. आणि ह्या मालिकेला त्या आठ वर्षं, आठवड्याचे चार-पाच दिवस, न बोलावता जात होत्या. २००० ते ६ नोव्हेंबर २००८. अठराशे तेहतीस भाग. एवढे दिवस एखादी गोष्ट माणसाच्या कानाशी बोलत राहिली तर ती काय बोलली हे तपासायला नको? आपण पोथी तपासली, पुराण तपासलं, मराठी मध्यमवर्गाच्या कथा-कादंबऱ्या फाडून वाचल्या. टीव्ही तेवढा ‘बायकांचं खूळ’ म्हणून सोडून दिला. हे सोडून देणं साधं नाही. त्यात आपलाही पुरुषपणा आहे.

आता आधी ‘सोप ऑपेरा’ म्हणजे काय ते बघू. शब्द अमेरिकेचा. १९३० च्या दशकात तिथल्या रेडिओवर दुपारच्या वेळी, बायका घरकामात असताना, कौटुंबिक कथा रोज थोडी थोडी लागायची. तिचा खर्च प्रॉक्टर अँड गॅम्बलसारख्या साबण बनवणाऱ्या कंपन्या उचलायच्या. म्हणून हे साबणाचं नाटक. नाटक साबण विकण्यासाठी. मला हे नाव फार आवडतं. दुसऱ्याच्या अंगावरचा मळ दाखवून साबण विकायचा, आणि मळ कुणी काढायचा ते मात्र सांगायचं नाही, हा धंदा आपल्या देशाला नवा नाही. आपल्याकडं तो तीन हजार वर्षं बिनसाबणाचा चालू आहे.

त्याच अमेरिकेत १२ जानेवारी १९८१ ला ‘डायनॅस्टी’ नावाची मालिका सुरू झाली. कॅरिंग्टन नावाचा तेलसम्राट, त्याचा महाल, त्याची दुसरी बायको, जी आधी त्याच्याच कचेरीत सेक्रेटरी होती. आठ दिवसांनी, २० जानेवारीला रोनाल्ड रेगन राष्ट्राध्यक्ष म्हणून गादीवर बसला. श्रीमंतांचे कर कमी, गरिबांच्या योजना कमी. एकीकडं राज्यकर्ता म्हणतो श्रीमंती ही लाज वाटायची गोष्ट नाही, दुसरीकडं टीव्ही त्या श्रीमंतीचे झगे दाखवतो. योगायोग म्हणा हवं तर. पण एक गोष्ट नोंदवली पाहिजे. १९८४ साली डायॲन कॅरोल ही काळी अभिनेत्री त्या मालिकेत आली. मोलकरीण म्हणून नाही. त्या कॅरिंग्टनची सावत्र बहीण म्हणून, त्याच्या बापाची मुलगी म्हणून, वारशाचा हक्क सांगत. ह्याला क्रांती म्हणू नये. एका काळ्या बाईला हिरे घातले म्हणून हार्लेमची भुकेली पोरं जेवत नाहीत. पण गोऱ्याच्या महालात काळं रक्त आहे, ते बापाच्या पापातून आलंय आणि ते वाटा मागतंय, एवढं तरी पडद्यावर बोललं गेलं. आपल्या विराणींच्या बंगल्यात ह्याची कल्पना करून बघा. नुसती कल्पना करा. गोवर्धन विराणीची एक मुलगी वस्तीतून येते आणि दारात उभी राहून म्हणते, मी पण ह्याच घरची. पुढचा भाग कधीच लागला नसता.

आता त्या दाराकडं येतो.

मालिकेच्या सुरुवातीला, नावं येताना, तुलसी बंगल्याचं मोठं दार उघडते आणि आपल्याला आत बोलावते. घरातली एकेक माणसं दिसतात. अंगणात तुळस. देशातल्या कोट्यवधी बायांना एका शेटजीच्या घरच्या सुनेनं हात जोडून आत या म्हटलं. ज्या घरात माझी आई आणि तिच्यासारख्या बाया मागच्या जिन्यानं जात होत्या, जिथं त्यांचा चहाचा कप वेगळा, खिडकीत उपडा ठेवलेला, त्या तऱ्हेच्या घराचं पुढचं दार त्यांना पहिल्यांदा उघडलेलं दिसलं. तिथं बसून बघता येत नाही, असं आई म्हणाली ते ह्यासाठी. हे आम्हाला पोथीनिष्ठांना कळायला पाहिजे होतं. बाई मालिका बघते म्हणजे ती मालिकेच्या विचाराची गुलाम झाली असं नाही. ती काहीतरी वसूल करत असते. काय वसूल करते आणि त्या बदल्यात तिच्याकडून काय काढून घेतलं जातं, ह्याचा हिशोब म्हणजे समीक्षा.

तर हिशोब.

गोष्ट अशी. विराणी हे मोठं गुजराती व्यापारी घराणं. आजा गोवर्धन, आजी अंबा, जिला सगळे बा म्हणतात. तीन मुलगे, तीन सुना. नातू मिहिर. त्याचं लग्न पायल नावाच्या श्रीमंत मुलीशी ठरल्यासारखं असतं आणि तो मन देतो तुलसीला. तुलसी गरिबाघरची. सासू सविता खवळते. गरिबाची पोर आमच्या घरात? झाला संघर्ष. प्रेक्षक गरीब मुलीच्या बाजूनं. आमच्या गल्लीतल्या बाया तर डोळ्याला पदर लावून गरीब मुलीच्या बाजूनं.

आता विचारा, ही गरीब मुलगी कुणाची? पुजाऱ्याची. पंडितजींची मुलगी.

इथं थांबा जरा. ह्या एका गोष्टीत सगळी मालिका आहे. गरिबी दाखवायची होती तर ह्या देशात गरिबांचा तुटवडा होता काय? गटार साफ करणारा गरीब आहे, ऊसतोड्या गरीब आहे, नाक्यावर उभा राहणारा बिगारी गरीब आहे. मालिकेला गरीब मिळाला तो देवळातला. म्हणजे पैशानं खाली, पण जातीच्या उतरंडीवर सुनेचा बाप शेटजीच्या वर. शेटजीच्या घरात पैसा आहे, पुजाऱ्याच्या घरातून संस्कार येणार. लक्ष्मी आणि पूजा यांचा सोयरसंबंध. आणि ह्याला नाव काय, तर श्रीमंत-गरीब भेद मोडला! वर्गाची भिंत पडली म्हणून टाळ्या वाजतात तेव्हा जातीच्या भिंतीला आतून गिलावा चाललेला असतो.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ ला, पंचविशीत, कोलंबिया विद्यापीठात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. त्यातला मुद्दा शिबिरात आपण घोकतो: जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून. ते टिकवायचं तर बाईवर पहारा पाहिजे. नवऱ्यामागं उरलेली बाई जाळायची, नाहीतर विधवा म्हणून कोंडायची, मुलगी लहान आहे तोवरच उजवायची. हे तिन्ही मार्ग त्यांनी पोथीच्या आडून काढून उघड्यावर ठेवले. आता त्या निबंधाच्या उजेडात अठराशे तेहतीस भाग बघा. ह्या मालिकेत दुसरं काय आहे? लग्न. ठरलेलं लग्न, मोडलेलं लग्न, चोरून लग्न, नवरा मेला म्हणून दुसरं लग्न, मेलेला नवरा परत आला म्हणून मोडणारं लग्न. मिहिर मेला तेव्हा देशभर बाया रडल्या, आणि स्मरण हरवलेला मिहिर परत आणावा लागला. पुरुष धंदा करतात म्हणे, पण धंदा कशाचा ते शेवटपर्यंत धुकंच. कारखाना दिसत नाही, कामगार दिसत नाही, संप दिसत नाही. घर हाच कारखाना आणि लग्न हेच त्याचं उत्पादन. बाबासाहेबांनी सांगितलेलं यंत्रच ते. फक्त त्याला तेल घालून, झुंबर लावून, दिवाणखान्यात मांडलंय. आणि गंमत म्हणजे मी जेवढे भाग पाहिले त्यांत ‘जात’ हा शब्द काढून एकदाही भांडण झालं नाही. यंत्र नीट चाललं की आवाज करत नाही.

मांडणीबद्दल थोडं. सगळेच टिंगल करतात म्हणून मी फार करत नाही. कुणी कुणाच्या थोबाडीत मारली की कॅमेरा तीन वेळा धावत येतो, ढग गडगडतात, मग सात माणसांचे सात चेहरे एकेक करून दाखवतात, आणि तेवढ्यात जाहिरात. झोपताना जरीची साडी, स्वयंपाकघरात हिऱ्यांचा हार. पण चेहऱ्याचा हा हव्यास नीट समजून घ्या. जवळून चेहरा दाखवला की मागची खोली दिसत नाही. खोली दिसली नाही की ती कुणी झाडली हा प्रश्न पडत नाही. माझी आई एकदा म्हणाली होती, ‘एवढी माणसं जेवली, ताटं कुठं गेली?’ समीक्षा हिलाच म्हणतात. आम्ही तिच्याकडून शिकायचं सोडून तिला मार्क्स शिकवायला निघालो होतो.

आणि चाव्या. ह्या जातीच्या मालिकांत थोरल्या सुनेच्या कमरेला चाव्यांचा जुडगा येतो तो मोठा क्षण असतो. डोळे भरून येतात. शंख वाजतो. पण चावी म्हणजे मालकी नव्हे. चावी रखवालदाराकडं पण असते. हिंदू कोड बिलात बाबासाहेबांनी काय मागितलं होतं? मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा, बाईला तिच्या मिळकतीवर पुरी मालकी, नको असलेल्या नवऱ्यापासून काडीमोड. एवढ्यावर केवढा गदारोळ झाला! ते बिल अडवलं गेलं आणि २७ सप्टेंबर १९५१ ला त्यांनी मंत्रिपद फेकलं, त्याच्या मोठ्या कारणांपैकी हे एक. पुढं ते बिल तुकड्यातुकड्यांनी आलं. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क महाराष्ट्रात १९९४ ला मिळाला, देशभर २००५ ला. म्हणजे ही मालिका ऐन भरात असताना संसदेनं कायदा बदलला. विराणींच्या मुलींना आता वाटा मिळू शकत होता. केवढी मालिका झाली असती! पण टीव्हीवरच्या एकत्र कुटुंबाला कायदा लागू होत नाही. तिथं सून चावी मिरवते आणि मुलगी सासरी जाते.

एवढं झोडपल्यावर एक गोष्ट कबूल करतो, नाहीतर आई मला खोटारडा म्हणेल. तुलसी बोलायची. घराच्या मधोमध उभी राहून, पुरुषांच्या देखत बोलायची. तिच्या अंश नावाच्या मुलानं बायकोवर, नंदिनीवर, बळजबरी केली तेव्हा ती मुलाच्या नाही, सुनेच्या बाजूनं उभी राहिली. कोर्टापर्यंत गेली. पुढं त्या मुलाला तिनं स्वतः गोळी घातली. लग्नाच्या आत बलात्कार होतो हे वाक्य त्या काळी कोट्यवधी घरांत ह्या मालिकेनं नेलं, आपल्या परिवर्तनवादी नाटकांनी नाही. आमच्या गल्लीत दारू पिऊन बायकोला मारणारे दोघे होते, दोघेही १४ एप्रिलला निळा फेटा बांधून पुढं. ते भाग लागले तेव्हा बाया एकमेकींकडं बघत होत्या. हे मी पाहिलंय. ह्याचं श्रेय मालिकेला द्यायचं की त्या बायांना, ह्यावर वाद घाला. माझ्या मते बायांना.

पण मालिकेचा न्याय घरातल्या घरात. अंगणाच्या बाहेर तो जात नाही, आणि आपण तर अंगणाच्या बाहेरच.

३ जुलैला मालिका सुरू झाली. १२ जुलै २००० ला, मुसळधार पावसात, घाटकोपरच्या आझाद नगरात डोंगराची दरड झोपड्यांवर आली. साठाहून जास्त माणसं गाडली गेली. बुधवार होता. मालिकेचा वार. ज्या घाटकोपरात तीनच वर्षांपूर्वी, ११ जुलै १९९७ ला, रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेवर संतापलेल्या लोकांवर गोळ्या घालून दहा माणसं मारली, त्याच घाटकोपरात. ह्या शहरात घर म्हणजे काय, ते कुणाला मिळतं, कुणावर कोसळतं, ह्यावर रोज रात्री साडेदहाला एक मालिका निघू शकली असती. गुजराती शेटजी, पंडितजी आणि दरडीखालची माणसं एकाच स्टेशनात उतरतात हो!

आणि २९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी. सुरेखा भोतमांगे ह्या बाईची थोडी शेतजमीन होती. मुलं शिकत होती. पक्कं घर बांधायचं होतं, गावानं बांधू दिलं नाही. ती वाकत नव्हती. तिला, प्रियांकाला, सुधीरला आणि रोशनला गावानं मारलं. बाई, घर, जमीन, मुलं: सासूसुनेच्या मालिकेचं सगळं सामान इथं होतं. खऱ्या नायिकेचं सामान. महिनाभर मोठी प्रसारमाध्यमं गप्प होती. माणसं रस्त्यावर आली तेव्हा कॅमेरे आले, आणि बातमी झाली ती रस्त्यावरच्या जाळपोळीची.

काही लोक म्हणतात, टीव्ही आधी बरा होता. दूरदर्शनचा जमाना. अर्धं खरं. ७ जुलै १९८४ ला ‘हम लोग’ सुरू झाली. आपले वसंत साठे त्याआधी माहिती खात्याचे मंत्री होते. मेक्सिकोत कुटुंबनियोजनासारखे विषय मालिकेतून पोचवतात हे बघून आले आणि इथं तसं करायचं ठरलं. खालच्या मध्यमवर्गाचं, दारूड्या बापाचं घर. १९८६ ला ‘नुक्कड’ आली. सायकलवाला, भिकारी, मोलकरीण, नाक्यावरची माणसं. मग १९९१ चं नवं आर्थिक धोरण, १९९२ ला झी, आणि कॅमेरा नाक्यावरून जो उठला तो थेट बंगल्यात शिरला. हे खरं. पण त्याच दूरदर्शननं जानेवारी १९८७ पासून दर रविवारी रामायण दाखवलं. रस्ते ओस पडायचे. टीव्हीला हार घालायचे लोक. आणि त्याच दिवसांत महाराष्ट्रात बाबासाहेबांच्या ‘रिडल्स’वर बंदी घाला म्हणून आरोळ्या उठल्या, कारण त्यात राम-कृष्णावर प्रश्न होते. ५ फेब्रुवारी १९८८ ला मुंबईत आपला लाखोंचा मोर्चा निघाला. रविवारी सकाळी टीव्हीवर राम आणि शुक्रवारी रस्त्यावर भीम. तुमच्यातले पुष्कळ तेव्हा जन्मले नव्हते. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली, ती आपल्या चळवळीत कुणी सांगत नाही. रामायण संपत आलं. वाल्मीकीचा आश्रम, लव-कुश, हा भाग दाखवणार नव्हते. जालंधरच्या सफाई कामगारांनी, वाल्मीकी समाजानं, संप केला. संप दुसऱ्या शहरांत पसरला. रस्त्यावर कचरा साठला. सरकार नमलं आणि पुढचे भाग काढायला लागले. ह्या देशात मालिकेची गोष्ट कष्टकऱ्यांनी संप करून बदलून घेतल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. झाडू खाली ठेवला आणि दूरदर्शनला लिहायला लावलं! आपल्याला दुःख एवढंच, की एवढी ताकद लावून त्यांनी मागितलं काय, तर रामकथेतली जागा. पण हसू नका. ताकद कशी लावायची ते त्यांना कळलं होतं. आपल्याला गोष्ट कळते, ताकद लावता येत नाही.

खासगी वाहिनीवर संप कुणाविरुद्ध करणार? तिथं टीआरपी. घरांतल्या टीव्हीला पेट्या लावून कोण काय बघतं ते मोजायचं. आणि पेट्या कुठं होत्या? ‘क्योंकि’च्या सबंध काळात त्या शहरांतच होत्या. खेड्यांचं मोजमाप सुरू झालं ते ऑक्टोबर २०१५ मध्ये. म्हणजे आठ वर्षं ‘देशाला हेच आवडतं’ असं जे सांगितलं गेलं, त्या देशात गावच नव्हतं. मग गावाबाहेरचं कुठून असणार!

आता सगळ्यात अवघड जागी येतो.

तुलसीचं काम करणाऱ्या स्मृती इराणी मालिका चालू असतानाच, २००४ साली, दिल्लीच्या चांदनी चौकातून भाजपतर्फे लोकसभेला उभ्या राहिल्या. पडल्या. मे २०१४ मध्ये केंद्रात मनुष्यबळ विकास मंत्री झाल्या. ऑगस्ट २०१५ मध्ये बंडारू दत्तात्रेय ह्या केंद्रीय मंत्र्यानं त्यांना पत्र लिहून हैदराबाद विद्यापीठात जातीयवादी, देशविरोधी राजकारण चालतं अशी तक्रार केली. त्यानंतर त्यांच्या मंत्रालयातून विद्यापीठाला पत्रामागून पत्रं गेली. मंत्रालयाचं म्हणणं, ही कचेरीची नेहमीची रीत. असेल. रीतीनंच माणसं मरतात आपल्याकडं. आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनच्या पाच पोरांना वसतिगृहातून काढलं. ती उघड्यावर तंबू ठोकून राहिली. तंबूला नाव दिलं वेलिवाडा. तेलुगूत वेलिवाडा म्हणजे गावाबाहेरची आपली वस्ती. १७ जानेवारी २०१६ ला त्यांच्यातला रोहित वेमुला गेला.

२४ फेब्रुवारीला मंत्रीणबाई लोकसभेत बोलल्या. मी ते भाषण बघितलं. कातर आवाज, भरलेले डोळे, आई असण्याची भाषा, हात वर. दुसऱ्या दिवशी देशात निम्म्या लोकांनी वाहवा केली. मला वाटतं, ते भाषण आपण आठ वर्षं रोज बघत आलो होतो. मी त्या बाईला खोटी रडली असं म्हणत नाही. कुणाच्या डोळ्यांतलं पाणी मोजायचा माझा धंदा नाही. मी म्हणतो ते असं, की कॅमेरा पुन्हा चेहऱ्यावर आला होता. जवळ. अगदी जवळ. त्यामुळं मागची खोली दिसली नाही. मागं वेलिवाडा होता. पाच गाद्या होत्या. शिवणकाम करून पोरं वाढवलेली राधिका वेमुला ही आई होती, जिला कुणी शंख वाजवून पडद्यावर आणलं नव्हतं. त्याच १४ एप्रिलला ती दादरच्या आंबेडकर भवनात आली आणि धाकट्या मुलासह तिनं धम्मदीक्षा घेतली. तो प्रसंग कुठल्याही मालिकेपेक्षा मोठा होता. तो किती घरांत पोचला?

मालिकेला राजकारण नसतं असं म्हणणाऱ्यांनी हे बघावं. चेहरा आधी घरात येतो, मग मतपेटीत. २०१९ ला तोच चेहरा अमेठीत जिंकला, २०२४ ला हरला, २०२५ ला पुन्हा शांतिनिकेतनात परतला. दार तेच.

आणि आपण? १८ मे २०१९ ला त्याच स्टारच्या मराठी वाहिनीवर बाबासाहेबांच्या जीवनावरची मालिका सुरू झाली. वस्त्यावस्त्यांत माणसं टीव्हीपुढं हात जोडून बसली. शीर्षकगीत आपल्या प्रत्येक मिरवणुकीत वाजतं. मी पण बघत होतो, खोटं कशाला बोलू, रमाईच्या प्रसंगांना रडलो पण. बाजाराला कळलंय की आपण पण साबण विकत घेतो. ह्यात हरखून जाण्यासारखं काही नाही आणि झिडकारण्यासारखंही नाही. पण त्या मालिकेतसुद्धा ढग गडगडायचे. कॅमेरा चेहऱ्यावर यायचा. अर्थशास्त्र, मजूर पक्ष, खोती बिल, हिंदू कोड बिल, ही मागची खोली तिथं पण अंधारात राहण्याचा धोका होता आणि आहे. त्यावर पुढच्या अंकात कुणीतरी लिहा. फक्त ‘आपली मालिका’ म्हणून सूट देऊ नका.

आणखी एक, बोचणारं. आपल्या लग्नांत आता काय चालतं ते बघा. बौद्ध पद्धत, त्रिशरण-पंचशील, सगळं होतं दहा मिनिटांत. मग मेंदी, संगीत, वरातीत नवरी पालखीत, सुनेच्या हातून उंबऱ्यावरचं माप. दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा घेणाऱ्यांच्या घरात हे कुणी आणलं? कुठल्या भटानं आणलं नाही. मालिकेनं आणलं. त्या साडेदहाच्या वेळी आम्ही पुरुष कार्यकर्ते चौकात राजकारण बोलत उभे होतो, आणि घरात पोरींना लग्न कसं असतं ते एकटा टीव्ही सांगत होता. आम्ही दुसरं चित्र दिलं का? रजिस्टर लग्न करा म्हणून पत्रक वाटलं. पत्रकाला झुंबर नसतं.

२०२५ च्या पहिल्या भागाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तुलसी-मिहिरच्या लग्नाचा वाढदिवस, जुन्या माणसांच्या तसबिरी, जुनं गाणं, अंगणातली तुळस. चित्र आधीपेक्षा स्वच्छ, घर आधीपेक्षा मोठं वाटतं. नव्या पिढीची पोरं मोबाईल घेऊन हिंडतात एवढाच पंचवीस वर्षांचा फरक. जो प्रेक्षक हे बघायला बसला तो आठवणीसाठी बसला, गोष्टीसाठी नाही.

आई आता काम करत नाही. गुडघे गेले. त्या रात्री मीच मुद्दाम टीव्ही लावला आणि तिच्या शेजारी बसलो, वही घेऊन. तिनं दहा-पंधरा मिनिटं बघितलं. म्हणाली, ‘म्हातारी झाली की गं ही पण.’ मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि म्हणाली, ‘लादी केवढी वाढवलीय. आता दोन बाया लागत असतील.’ आणि आत जाऊन झोपली.